नवशिक्याच्या हाती संघ द्यावा का?



गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत नववी-दहावीतली फुटबॉल खेळणारी सहा-सात मुले माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. त्यांच्यात वाद पेटला होता आणि निकाल द्यायला कुणीतरी मोठे माणूस हवे होते. जर्मनीतल्या एका व्यावसायिक क्लबने काही वर्षांपूर्वी अवघ्या 28 वर्षांच्या तरुणाला मुख्य प्रशिक्षक नेमले होते. हे शहाणपण होते की जुगार, असा तो वाद. दोन्ही बाजूंनी बरेच काही सांगून झाल्यावर त्यातल्या एकाने मलाच विचारले, "मॅडम, आप होतीं तो रख लेतीं क्या?"

(घाई झाली की आमची मुले मराठीतून हिंदीत कधी शिरतात ते त्यांचे त्यांनाही कळत नाही. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतलेली, त्यामुळे त्यांना रागावण्याचा मला फारसा अधिकार नाही.)

मी लगेच उत्तर दिले नाही. "विचार करून सांगते," म्हटले. मुलांना वाटले, मॅडमना फुटबॉलमधले काही कळत नसेल. ते बऱ्याच अंशी खरे आहे. पण माझ्या गप्प राहण्याचे कारण वेगळे होते. ते मी शेवटी सांगणार आहे. आधी त्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे.

हॉफेनहाइम हे जर्मनीच्या नैर्ऋत्य भागातले सुमारे 3,000 वस्तीचे गाव. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढे. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, डीटमार होप, यांच्या पाठबळावर तिथला क्लब वर चढत चढत 2008 साली देशाच्या पहिल्या दर्जाच्या लीगमध्ये, म्हणजे बुंडेसलीगात पोहोचला. ऑक्टोबर 2015 मध्ये या संघाची अवस्था बिकट झाली आणि प्रशिक्षकाला जावे लागले. तेव्हा क्लबने दोन निर्णय जाहीर केले. हंगाम संपेपर्यंत हूब स्टीव्हन्स हे साठी ओलांडलेले, चार पावसाळे पाहिलेले डच प्रशिक्षक काम पाहतील. आणि पुढच्या हंगामापासून संघ यूलियान नागेल्समान याच्या हाती जाईल. त्याचा जन्म 23 जुलै 1987 चा. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याच्या नावावर काहीही नव्हते. विसाव्या वर्षीच गुडघ्याच्या दुखापतीने त्याचे खेळणे संपले होते. संघातला केविन कुरानी हा खेळाडूच त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा होता.

पुढे ठरल्याप्रमाणे झाले नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये स्टीव्हन्स यांनी हृदयाच्या तक्रारीमुळे काम सोडले आणि उन्हाळ्यात येणारा तरुण 11 फेब्रुवारीलाच संघासमोर उभा राहिला. 18 संघांच्या लीगमध्ये तेव्हा हॉफेनहाइम 17 व्या जागी होते. सुरक्षित जागा 7 गुण दूर होती. उरलेल्या 14 सामन्यांपैकी संघाने 7 जिंकले आणि 37 गुणांवर 15 वी जागा मिळवली. खालच्या 16 व्या संघाचे गुण 36 होते. एका गुणाने गाडी पुलावरून पार झाली. पुढच्या वर्षी हाच संघ चौथा आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा.

आमच्या मुलांपैकी जी 'शहाणपण' म्हणत होती त्यांचा पुरावा हाच. पण मला त्यात एक अडचण दिसते. हा निर्णय बरोबर होता, असे आपण निकाल पाहून म्हणतो. तो एक गुण मिळाला नसता आणि संघ पुढे खालच्या दर्जात गेला असता, तर त्याच नेमणुकीला सगळ्यांनी पोरखेळ म्हटले असते. परीक्षेचा निकाल लागल्यावर पेपर सोपा होता म्हणणाऱ्यांत आणि आपल्यात मग फरक काय राहिला? नेमणारा माणूस निकाल लागण्याआधी बसलेला असतो. म्हणून प्रश्न असा विचारावा: ऑक्टोबर 2015 मध्ये, हातात काहीच निकाल नसताना, हा निर्णय घेण्यासारखा होता का?

याचे उत्तर शोधताना मला त्याच हिवाळ्यातली दुसरी एक नेमणूक आठवली. स्पेनच्या व्हॅलेन्सिया या जुन्या, नामांकित क्लबने डिसेंबर 2015 मध्ये गॅरी नेव्हिल यांना मुख्य प्रशिक्षक केले. वय 40. इंग्लंडकडून 85 सामने खेळलेले, मँचेस्टर युनायटेडचे कर्णधार राहिलेले, इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे सहायक प्रशिक्षक. टीव्हीवर खेळाचे विश्लेषण करावे तर यांनीच, अशी ख्याती. त्या तरुणाच्या मानाने कितीतरी भारदस्त नाव. पण 3 फेब्रुवारी 2016 ला बार्सिलोनाने त्यांच्या संघाला 7-0 असे हरवले. लीगमधल्या 16 सामन्यांत फक्त 3 विजय मिळाले आणि मार्च संपण्याआधी त्यांचे काम गेले.

नेव्हिल यांना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की 'अनुभव' हा शब्द आपण फार ढोबळपणे वापरतो. नेव्हिल यांना खेळण्याचा मोठा अनुभव होता. मुख्य प्रशिक्षक म्हणून एखादा संघ रोज सकाळी मैदानावर घेऊन उभे राहण्याचा मात्र नव्हता, आणि खेळाडूंची भाषाही त्यांना येत नव्हती. उलट नागेल्समान याचे खेळणे थांबल्यावर ऑग्सबुर्ग क्लबमधले त्याचे प्रशिक्षक थॉमस टुखेल यांनी त्याला प्रतिस्पर्धी संघांचे सामने पाहून टिपणे काढायला पाठवले. पुढे तो म्युनिकमध्ये आणि मग 2010 पासून हॉफेनहाइममध्ये मुलांचे संघ शिकवू लागला. मध्ये काही काळ मोठ्या संघाचा सहायकही होता. 2014 मध्ये त्याच्या हाताखालच्या 19 वर्षांखालील संघाने जर्मनीचे विजेतेपद मिळवले. क्रीडाशास्त्राचा अभ्यास, प्रशिक्षकांचा वरच्या दर्जाचा अभ्यासक्रम, हेही चालूच होते. म्हणजे वय 28 असले तरी शिकवण्याच्या कामात त्याची सात-आठ वर्षे गेलेली होती, आणि त्यातली बरीचशी क्लबच्या डोळ्यांसमोर.

हिंदीत 'नौसिखिया' म्हणतात आणि मराठीत 'नवशिका'. दोन्ही शब्दांत 'शिकणे' आहे. दोन्ही भाषांत आपण तो शब्द हिणवण्यासाठी वापरतो, आणि त्यातले शिकणे विसरून जातो.

आता दुसरी बाजू. 'जुगार' म्हणणारी मुलेही चुकीची नव्हती.

पहिली गोष्ट, तरुण प्रशिक्षक चमकला म्हणजे तो सगळीकडे चमकेलच असे नाही. पोर्तुगालच्या आंद्रे व्हिलास-बोआस यांनी 2010-11 च्या हंगामात पोर्टो संघाला लीगमध्ये एकही सामना न हरता विजेतेपद मिळवून दिले. शिवाय युरोपा लीगही जिंकून दिली. लंडनच्या चेल्सीने मोठी भरपाई मोजून त्यांना नेले. वय 33. तिथल्या संघातले लॅम्पार्ड, द्रोग्बा हे त्यांच्याच वयाचे आणि स्वतःचा दबदबा असलेले. जुना संघ मोडून नवा घडवायचा, ज्येष्ठांना बाकावर बसवायचे आणि त्याच वेळी प्रत्येक शनिवारी जिंकायचेही, असे ते काम होते. मार्च 2012 मध्ये त्यांना काढले. त्यांचेच सहायक रोबेर्तो दी मात्तेओ यांनी तोच संघ हाती घेतला आणि मे महिन्यात चेल्सीने चॅम्पियन्स लीग जिंकली. संघ तोच आणि वर्षही तेच होते.

दुसरी गोष्ट आपल्या इंदूरकरांना फुटबॉलबाहेरून लवकर पटेल. 1 जानेवारी 2018 ला आपल्या होळकर स्टेडियमवर विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. त्याच पंडितांनी जून 2022 मध्ये बंगळुरूला मुंबईला हरवून आपल्या मध्यप्रदेशालाही पहिला रणजी करंडक मिळवून दिला. तेव्हा त्यांचे वय 60 होते. 1999 साली मध्यप्रदेशाचे कर्णधार म्हणून याच मैदानावर ते अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षे जपलेले ते शल्य आणि त्या काळात मिळवलेली जाण, हे कोणत्याही तरुणाकडे असू शकत नाही. पिकल्या पानाची किंमत कमी करून हिरव्याचे कौतुक करण्याची मुळीच गरज नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे, आणि पालक म्हणून तुम्हाला ती चटकन कळेल. व्यावसायिक खेळाडूचे खेळण्याचे आयुष्य फार तर दहा-पंधरा वर्षांचे. त्यातले एक वर्ष प्रशिक्षकाच्या शिकण्यात वाया गेले तर ते कुणी परत देत नाही. संघ खालच्या दर्जात गेला की क्लबचे उत्पन्न घटते आणि त्याची झळ कार्यालयातल्या कारकुनापर्यंत पोहोचते. आमच्याकडे नवीन शिक्षक आले की पालक मला विचारतात, "मॅडम, आमच्या मुलाचे दहावीचे वर्ष एकदाच येते. त्यांनी दुसऱ्याच्या मुलावर शिकावे." हा प्रश्न स्वार्थी वाटतो, पण खोटा नाही. आणि प्रत्येक शाळेने 'दुसऱ्याच्या मुलावर' म्हटले तर नवा शिक्षक तयार होणार कुठे, हाही प्रश्न खोटा नाही.

या दोन प्रश्नांच्या मधून वाट काढायची तर नेमणाऱ्यांनी स्वतःकडे पाहावे लागते. आपण सगळे तरुणाला तपासतो: आवाज चढतो का, मोठे खेळाडू ऐकतील का, हरल्यावर घाबरेल का. पण हॉफेनहाइम, व्हॅलेन्सिया आणि चेल्सी या तिघांची तुलना केली की मला वाटते, अर्धी परीक्षा नेमणाऱ्या संस्थेचीच असते.

हॉफेनहाइमने तो माणूस पाच वर्षे जवळून पाहिला होता. त्याचे नाव संकट डोक्यावर कोसळलेल्या दिवशी घाईने शोधलेले नव्हते. निर्णय चार महिने आधी झालेला होता आणि मधल्या काळासाठी एक जाणता माणूस आणलेला होता. करार तीन वर्षांचा होता, म्हणजे चार पराभव झाले की पाहू, असा तो मामला नव्हता. घर सोडून पळणाऱ्याने वाटेत दिसेल त्याच्या हाती किल्ली द्यावी, तसे त्यांनी केले नाही.

फ्रान्समधल्या रँस या क्लबने तर याहून पुढचे पाऊल टाकले. ऑक्टोबर 2022 मध्ये त्यांनी विल स्टिल याला जबाबदारी दिली तेव्हा तो तिशीला टेकला होता आणि त्याच्याकडे आवश्यक असलेला वरचा परवाना नव्हता. नियमाप्रमाणे प्रत्येक सामन्यामागे 25,000 युरो दंड भरावा लागत होता. क्लबने तो भरला. त्याच्या हाताखाली संघ लीगचे सलग 17 सामने हरला नाही. 'आमचा तुझ्यावर विश्वास आहे' हे वाक्य सगळेच बोलतात. त्या विश्वासाची किंमत दर आठवड्याला मोजणारे थोडे. पण हेही सांगायला हवे की तोच स्टिल 2025 मध्ये इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये गेला आणि काही महिन्यांतच, नोव्हेंबरमध्ये, त्याला काढण्यात आले. माणूस बदलला नव्हता, भोवतालचे घर बदलले होते.

आपल्या देशातही असे घर मिळाल्याचे एक उदाहरण आहे. खालिद जमील यांनी खेळणे थांबवले आणि 2009 मध्ये, 32 व्या वर्षी, ते मुंबई एफसी या क्लबचे प्रशिक्षक झाले. क्लबकडे पैसा बेताचा, मोठे खेळाडू नाहीत, करंडकही मिळाला नाही. तरी त्यांना तिथे सुमारे सात वर्षे मिळाली आणि त्या काळात संघ वरच्या दर्जात टिकून राहिला. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात तो क्लब खाली घसरला. त्याच 2016-17 च्या हंगामात जमील यांनी मिझोरामच्या ऐजॉल एफसी या छोट्या संघाला आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले. ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताच्या राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्या सात वर्षांत हाती काही चमकदार लागले नाही म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांना घरी पाठवले असते, तर पुढचे काही घडलेच नसते.

तेव्हा माझे मत असे. तरुण, मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव नसलेला माणूस नेमावा, पण चार गोष्टी आधी पाहून. एक, हेच काम त्याने लहान प्रमाणावर खरोखर केले आहे का? मोठ्या पदाचे स्वप्न पाहिलेला आणि लहान पदावर घाम गाळलेला, हे दोन वेगळे उमेदवार आहेत. दोन, त्याच्या शेजारी वडीलधारे, जाणते माणूस बसवले आहे का, आणि ते माणूस त्याला सांभाळणार आहे की त्याची खुर्ची पाहणार आहे? तीन, त्याला किती मुदत द्यायची ते पहिल्या पराभवाच्या आधी, लिहून ठरवले आहे का? चार, अपयश आले तर 'आम्ही नेमले, आमची चूक' असे म्हणणारा समितीत कुणी आहे का? या चारांतली पहिली अट उमेदवाराची आहे. बाकीच्या तिन्ही आपल्या आहेत. त्या पुऱ्या करता येत नसतील तर अनुभवी माणूसच नेमावा. तरुणाला बळीचा बकरा करण्यापेक्षा ते प्रामाणिक.

आणि या चारही अटी पाळूनही कायमची हमी नाही. नागेल्समान पुढे लाइपझिगमार्गे बायर्न म्युनिक या सर्वांत मोठ्या क्लबात गेला, तिथे लीग जिंकली आणि तरीही मार्च 2023 मध्ये त्याला काढले. त्याच्या जागी आले ते टुखेल, ज्यांनी त्याला या वाटेवर पहिले पाऊल टाकायला लावले होते. सहा महिन्यांत तो जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. हे क्षेत्र असेच आहे.

आता माझ्या गप्प राहण्याचे कारण.

नऊ वर्षांपूर्वी आपल्या शाळेत क्रीडा शिक्षकाची एक जागा होती. दोन उमेदवार शेवटी उरले. एकाकडे अठरा वर्षांच्या नोकरीचे प्रमाणपत्र होते. दुसरा 24 वर्षांचा, नुकताच बी.पी.एड. झालेला. "अनुभव किती?" मी विचारले. तो म्हणाला, "चार वर्षे मोहल्ल्यातल्या मुलांना रोज सकाळी मैदानावर शिकवतो." मी विचारले, "प्रमाणपत्र?" तो म्हणाला, "मोहल्ला प्रमाणपत्र देत नाही, मॅडम." आम्ही समितीतले सगळे हसलो, आणि पहिल्या उमेदवाराला नेमले. ते गृहस्थ सज्जन होते, वेळेवर येत, वेळेवर जात. पण त्यांच्या काळात आपले मैदान 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टच्या कवायतीपुरतेच उरले. त्यांचा दोष नव्हता. त्यांना जे अठरा वर्षे करायला सांगितले गेले, तेच ते करत राहिले.

तीन-चार वर्षांनी एका रविवारी सकाळी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले असताना एका मोकळ्या मैदानावर तो मुलगा दिसला. भोवती चाळीसेक मुले. मी रिक्षा थांबवून पाहत राहिले. त्यातली दोन मुले आपल्या शाळेची होती. आपल्या मैदानावर जे मिळत नव्हते त्यासाठी ती सायकलने सात किलोमीटर जात होती. मी त्याला भेटायला उतरले नाही. उतरायला हवे होते.

त्या दिवशी माझ्याकडे त्याचे काम विचारण्याची संधी होती आणि मी फक्त कागद विचारला. म्हणून मुलाच्या प्रश्नाला मला पटकन 'हो' म्हणता आले नाही.

दोन दिवसांनी मी मुलांना बोलावून उत्तर दिले. "हो, मी त्याला ठेवले असते," म्हटले, आणि चार अटी सांगितल्या. त्यावर तोच मुलगा म्हणाला, "और हार जाते तो?" मी म्हटले, "मग जाब त्याला नाही, मला विचारायचा."

नव्या सत्रासाठी आपल्याकडे दोन शिक्षकांच्या जागा भरायच्या आहेत. अर्जात आजवर 'अनुभव (वर्षे)' असा एक रकाना असतो. त्याच्या खाली 'आतापर्यंत मुलांबरोबर काय काम केले?' असा दुसरा रकाना घालावा, आणि त्यासाठी प्रमाणपत्राची अट नसावी, असा प्रस्ताव मी व्यवस्थापन समितीपुढे ठेवणार आहे. नवीन शिक्षक आले तर त्यांच्याबरोबर पहिले वर्ष एक ज्येष्ठ शिक्षक असतील, म्हणजे दहावीच्या पालकांचीही काळजी घेतली जाईल. आपणा सर्वांचे यावर काय म्हणणे आहे ते लेखी किंवा समक्ष जरूर कळवावे. विरोधात असले तरी कळवावे, कारण समितीपुढे दोन्ही बाजू मलाच मांडायच्या आहेत.

आपली,
प्राचार्या